प्रस्तावना : ऐकणाऱ्याच्या हातातला वेळ

सोयाबीन पेरले की पाचव्या-सहाव्या दिवशी तासांत मोड दिसू लागतात. आठव्या दिवशीही तास मोकळेच असले, तर पुढे काय करायचे हे ठरवायला शेतकऱ्याच्या हातात फार दिवस उरत नाहीत. मराठवाड्यात सोयाबीनचा पेरा १५ जुलैपर्यंत उरकावा, असे कृषितज्ज्ञ सांगतात. म्हणजे मृगात पेरलेले वाया गेले तर आर्द्रा आणि अर्धा पुनर्वसू, एवढाच अवकाश. तेवढ्यात दोष बियाण्याचा की पेरणीचा हे कळायला हवे, पंचनामा व्हायला हवा, दुसरे बी मिळायला हवे, त्यासाठी पैसा उभा राहायला हवा आणि रानाला पुन्हा वाफसाही यायला हवा. यातल्या बहुतेक गोष्टी दुकानदार आणि कंपनी बोलल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

२०२० च्या खरिपात नेमकी हीच वेळ आली. पाऊस वेळेवर झाला, टाळेबंदीतून वाट काढत लोकांनी पेरण्या उरकल्या आणि मराठवाडा-विदर्भातल्या हजारो शेतांत सोयाबीन उगवलेच नाही. लातूर आणि नांदेड या जिल्ह्यांत खरिपाचा मोठा भाग सोयाबीनचा. त्यामुळे हा घाव शेतापुरता राहिला नाही. मोंढ्यातली आडत, किराण्याची उधारी, मुलांची फी, सगळे त्याच पिकाच्या भरवशावर असते. तक्रारी खासगी कंपन्यांच्या बियाण्याबद्दल होत्या, तशा महाबीजच्या बियाण्याबद्दलही होत्या. १९७६ पासून ज्या महामंडळाची बॅग लोक विश्वासाने नेत आले, त्याच्याही बियाण्याने अनेकांना दगा दिला. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. महाबीजने बियाणे बदलून देण्याचे जाहीर केले.

या संकटाची सुरुवात मात्र पेरणीच्या दिवशी झालेली नव्हती. ऑक्टोबर २०१९ मध्ये परतीच्या पावसाने उभे सोयाबीन आणि काढून लावलेल्या गंजी भिजवल्या होत्या. बीजोत्पादनाचे प्लॉटही त्यातून सुटले नाहीत. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते. ओल, आदळआपट, थप्पीतले वजन यांनी त्याची उगवणशक्ती लवकर मरते. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते आणि त्या वर्षी ती मिळवणे अवघड जाणार, हे बियाणे क्षेत्रातल्या जाणत्या माणसांना हिवाळ्यातच दिसत होते. कृषी विभागाने उन्हाळ्यात घरच्या बियाण्याची मोहीम घेतली. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून किती उगवतात ते मोजायचे, हे गावोगावी करून दाखवले. ही मोहीम मला महत्त्वाची वाटते. पेरणीआधी, निर्णय बदलता येत असताना आणि स्वतः पडताळून पाहता येईल अशा रीतीने ती माहिती शेतकऱ्याच्या हाती आली.

कंपन्यांकडून मात्र लोकांच्या कानी आले ते नंतर. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधी पेरले, तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल पेरले, बॅगा आपटल्या, असे सांगितले गेले. काही शेतांपुरते ते खरेही असेल. पण मोकळ्या तासांपुढे उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी ते ऐकून काहीच करता येत नव्हते. हीच वाक्ये मे महिन्यात बॅगेसोबत दिली असती तर ती सूचना ठरली असती. जूनअखेरीस ती शेतकऱ्याच्या माथी दोष मारणारी ठरली. तेच शब्द, तीच माहिती. वेळ गेली आणि तिचा अर्थच फिरला.

मधल्या मधे सापडला तो कृषी सेवा केंद्राचा चालक. बॅग कंपनीने शिवलेली, टॅग कंपनीचा, आतले बी त्याने पाहिलेले नाही; पण शेतकरी येतो तो त्याच्याच काउंटरवर. विक्रेत्यांवर गुन्हे दाखल होऊ लागले, तेव्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात राज्यभरातल्या कृषी सेवा केंद्रांनी तीन दिवस दुकाने बंद ठेवून निषेध केला. त्यांची तक्रार न्याय्य होती, असे माझे मत आहे. तरीही ते तीन दिवस दुबार पेरणीच्या शेवटच्या आठवड्यातले होते, हेही नोंदवले पाहिजे. ज्याला बोलायला सर्वांत अधिक कारण होते, त्याचे शटर त्याच दिवसांत खाली होते.

ही पुस्तिका अशा दिवसांसाठी आहे. संकटात धंद्याने कसे बोलावे, यावर जगात पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे लेखन मोठ्या कंपन्यांसाठी आणि त्यांची प्रतिमा कशी वाचवावी या अंगाने केलेले असते. लातूर-नांदेडच्या दुकानदाराने, दवाखान्याने, क्लासचालकाने, पतसंस्थेच्या व्यवस्थापकाने दुसऱ्या टोकापासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. संकटातल्या बोलण्याची मी एकच कसोटी मानतो : ऐकणाऱ्याला आपला पुढचा निर्णय वेळ असताना घेता आला का? आला असेल, तर तुमचे वाक्य ओबडधोबड असले तरी चालेल. आला नसेल, तर कितीही सुबक निवेदन काढा, ते उशिराच पोचले.

प्रत्येक धंद्यात हा वेळ वेगळा असतो. किनवटहून पहाटेच्या एसटीने शस्त्रक्रियेसाठी निघणाऱ्या रुग्णाचा वेळ आदल्या संध्याकाळी संपतो. सकाळी दहाला दवाखान्याच्या दारात मिळालेल्या निरोपाचा त्याला उपयोग नाही. क्लासमध्ये मुलगी ठेवलेल्या बापाला महिन्याचे मेसचे पैसे भरण्याआधी कळायला हवे. ठेवीदाराच्या घरी लग्नाची तारीख ठरलेली असते. बाजाराच्या दिवशी कोंबडी घ्यायची की नाही, हे त्या सकाळीच ठरते. धंद्याची गती मात्र निराळी. वकिलाला विचारायचे, मुख्य कार्यालयातून परवानगी घ्यायची, प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहायची. या दोन वेळांच्या मधली जागा कधीच रिकामी राहत नाही. लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. बातमीला तेवढे पुरतात आणि आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइलही आहे. खरी माहिती देणारा गप्प बसला, की त्या जागेत अंदाज शिरतो आणि संध्याकाळपर्यंत अंदाजाची खात्री झालेली असते.

म्हणून पहिल्या दिवशी बोलायचे काय, याचा नमुना इथेच देतो. समजा, कृषी सेवा केंद्राच्या चालकाकडे उगवण न झाल्याचे चार-पाच फोन आले आहेत. कारण अजून कुणालाच ठाऊक नाही. त्याने दुकानाबाहेरच्या फळ्यावर आणि गावागावांतल्या ग्रुपवर एवढेच लिहावे :

‘राम राम. आमच्या दुकानातून या लॉटची बॅग नेलेल्या शेतकऱ्यांसाठी. काही गावांतून उगवण कमी असल्याचे फोन आले आहेत. कारण अजून कळलेले नाही. कंपनीला आज कळवले आहे. तुमच्याकडे असे झाले असेल तर रान मोडू नका. पावती, बॅग, टॅग आणि उरलेले बी जपून ठेवा. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, म्हणजे तक्रार निवारण समितीचा पंचनामा होईल. अर्जाचा नमुना दुकानात ठेवला आहे. दुसरे बियाणे कोणते आणि किती शिल्लक आहे, ते उद्या सकाळी नऊ वाजता याच फळ्यावर लिहू. दुकान उघडे आहे.’

यात माफीचा आव नाही आणि बचावही नाही. काय झाले, काय ठाऊक नाही, तुम्ही आज काय करायचे, मी पुन्हा कधी बोलणार, या चार गोष्टी आहेत. यातली ‘रान मोडू नका’ ही सूचना सर्वांत मोलाची. घाईने पाळी घालून दुबार पेरणी केलेल्या शेतकऱ्याकडे पंचनाम्यात दाखवायला काही उरत नाही आणि त्याचा दावा तिथेच संपतो. ही सूचना चार दिवस आधी देणारा दुकानदार त्या शेतकऱ्याचे जेवढे वाचवतो, तेवढे त्याला पुढच्या कुठल्याही सवलतीने भरून देता येणार नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो पोकळ नाही. ‘आम्ही तोंड उघडले की चूक कबूल केल्यासारखे होते, उद्या हेच ग्राहक आयोगात आमच्याविरुद्ध मांडतील.’ या भीतीवर उपाय गप्प बसण्यात नाही, बोलण्याचे तीन भाग वेगळे ठेवण्यात आहे. घटना, कारण आणि भरपाई. घटना आजच सांगायची, कारण ती लोकांनी पाहिलेलीच असते. कारण तपासणीनंतर सांगायचे आणि तपासणी कोण, कधीपर्यंत करणार हे आज सांगायचे. भरपाईचे जे नियम आहेत ते जसेच्या तसे मांडायचे आणि ज्यावर निर्णय व्हायचा आहे त्याचे वचन द्यायचे नाही. वकीलसुद्धा याला हरकत घेत नाहीत. ते हरकत घेतात ती घाईने दिलेल्या कारणाला. आणि घाईने दिलेले कारण बहुतेक वेळा दुसऱ्याकडे बोट दाखवणारे असते.

महाराष्ट्रातलेच एक गाजलेले उदाहरण पाहा. ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत कॅडबरीच्या काही चॉकलेटांत अळ्या सापडल्या आणि अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. कारखान्यात हे होणे शक्य नाही, दुकानदारांनी माल नीट साठवला नसावा, अशी कंपनीची पहिली भूमिका होती. ऐन दिवाळीच्या तोंडावर ग्राहक दुरावला. त्यानंतर कंपनीने ‘विश्वास’ नावाचा उपक्रम हाती घेतला, दुकानदारांना साठवणुकीचे प्रशिक्षण दिले आणि २००४ च्या सुरुवातीला अधिक घट्ट बंद होणारे वेष्टन आणले. साठवणुकीचा मुद्दा खोटा नव्हता. पण ज्या दुकानदारांच्या बळावर माल विकायचा, त्यांनाच पहिल्या दिवशी आरोपी केले, तर संकटात आपली बाजू सांगणारे लाखो लोक आपणच गमावतो. त्याआधी १९८२ मध्ये अमेरिकेत शिकागो परिसरात टायलेनॉलच्या कॅप्सुलांत कुणी तरी सायनाइड मिसळले आणि सात जणांचा जीव गेला. विष कारखान्यात मिसळलेले नव्हते. तरी जॉन्सन अँड जॉन्सनने लोकांना गोळ्या घेऊ नका असे सांगितले आणि देशभरातून सुमारे तीन कोटी दहा लाख बाटल्या परत घेतल्या. दोष कुणाचा हे ठरण्याआधी लोकांनी आज रात्री काय करायचे, हे त्यांनी सांगितले. जगभरच्या अभ्यासक्रमांत हे उदाहरण शिकवले जाते ते त्यामुळेच.

लातूरला मात्र दूरच्या उदाहरणांची गरज नाही. २०१६ चा उन्हाळा इथल्या प्रत्येक घराला आठवतो. धनेगावचे मांजरा धरण आटले होते. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदीचा आदेश काढावा लागला. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला सुमारे पंचवीस लाख लिटर. पाऊस पडून गेल्यावर, ऑगस्टमध्ये ती थांबली. रेल्वेने आणि प्रशासनाने केलेले ते काम मोठे होते आणि लातूरकर ते विसरणार नाहीत.

पण त्या आकड्याकडे आपल्या विषयाच्या नजरेने पाहू. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या पुढे होती. पहिल्या गाडीचे पाणी माणशी सव्वा लिटरच्या आसपास येते. पन्नास वाघिणींचे साडेसहा लिटर, म्हणजे अर्धी घागर. ‘पंचवीस लाख लिटर’ हे ऐकणाऱ्याला प्रश्न मिटल्यासारखे वाटते, ‘माणशी अर्धी घागर’ ऐकले की तो भांडी घासायचे पाणी झाडांना वापरायला लागतो. दोन्ही आकडे खरेच आहेत. माणसाच्या वागण्यात बदल घडवतो तो दुसरा. धंद्यानेही आकडा ग्राहकाच्या मापात सांगावा. ‘आमच्याकडे पुरेसा साठा आहे’ यापेक्षा ‘आजच्या साठ्यात प्रत्येकी एक बॅग देता येईल आणि शुक्रवारी पुढची गाडी आहे’ हे अधिक उपयोगी. पुरेसा या शब्दावर रांग लागते, हिशेबावर ती ओसरते.

त्या उन्हाळ्यात लातूरच्या शिक्षणव्यवसायापुढे आणखी एक पेच होता. ‘लातूर पॅटर्न’मुळे आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो मुले इथे वसतिगृहांत, खोल्यांत राहून शिकतात. पाण्याचे हाल चालू असतानाच २८ एप्रिल २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’ त्याच वर्षी घ्यायचा आदेश दिला, पहिला टप्पा १ मे आणि दुसरा २४ जुलै. राज्याची सीईटी ५ मेला झाली. ती ग्राह्य धरायची की नाही, याचा उलगडा २४ मेच्या अध्यादेशाने झाला. जवळजवळ महिनाभर खेड्यातल्या आईबापांपुढे दोन प्रश्न एकदम होते. पोरीला पाण्यावाचून तिथे ठेवायचे का आणि ती नेमकी कोणत्या परीक्षेचा अभ्यास करते आहे? अशा वेळी क्लासचालकाने ‘काळजी करू नका’ म्हणणे म्हणजे पालकाच्या हातातला वेळ खर्च करणे होय. त्याने रोज एका ठरलेल्या वेळी तीन ओळी पाठवाव्यात : वसतिगृहात आज टँकर आला की नाही, कोर्टात आज काय झाले, उद्याचा तास होणार की नाही. नवे काही नसेल, तर ‘आज नवे काही नाही’ हेही त्याच वेळी पाठवावे. ठरलेल्या वेळेला येणारा निरोप कोरा असला तरी धीर देतो, कारण वाट कधीपर्यंत पाहायची ते माणसाला कळते.

तिसऱ्या प्रकारचे संकट दुसरीकडेच जन्म घेते आणि अफवेवर बसून आपल्या दारात येते. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडीमुळे कोरोना होतो, ही अफवा मोबाइलवरून पसरली आणि पोल्ट्रीचा धंदा कोसळला. शेतकऱ्यांनी पक्षी मातीमोल भावाने विकले, काहींनी फुकट वाटले. ती अफवा पूर्ण खोटी होती. पण पुढच्याच जानेवारीत परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात आणि लातूर जिल्ह्यातल्या केंद्रेवाडीत खरा बर्ड फ्लू आला. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मेले, त्यांच्यातही तोच विषाणू निघाला. खोट्या अफवेच्या वेळी ‘कोंबडी शंभर टक्के सुरक्षित’ असे छातीठोक सांगणाऱ्या विक्रेत्याला खऱ्या रोगाच्या वेळी काय सांगावे, हा प्रश्न पडतो. उत्तर हेच, की आधी जे खरे आहे ते मान्य करावे. होय, अमुक गावात पक्ष्यांना रोग आहे. तिथून एक किलोमीटरच्या आतले पक्षी पशुसंवर्धन विभाग नष्ट करतो आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवतो. माझा माल अमुक तालुक्यातून येतो. ७० अंश सेल्सिअसला सर्व बाजूंनी शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही आणि आपला रस्सा तर खळखळ उकळतो. आजारी किंवा मेलेला पक्षी मात्र कुणी दिला तरी हात लावू नका. धोका कुठे आहे हे ज्याने स्पष्ट सांगितले, त्याच्या ‘इथे धोका नाही’ या वाक्याला वजन येते. हे एकट्या दुकानदाराचे काम नाही. गावातल्या सगळ्या विक्रेत्यांनी एकत्र येऊन पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना सोबत घेऊन एकच मजकूर लावावा. चार दुकानांवर चार मजकूर दिसले, की गिऱ्हाईक पाचव्यावर विश्वास ठेवते आणि तो मोबाइलवर आलेला असतो.

ठेवी घेणाऱ्या संस्थांबद्दल थोडक्यात पण ठामपणे सांगतो. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध घातले आणि पहिल्या दिवशी खातेदाराला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढण्याची मुभा उरली. त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये बँकेतल्या ठेवींवरचे विमासंरक्षण एक लाखावरून पाच लाखांवर गेले. हे संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांतल्या ठेवींना ते लागू नाही. आपल्या भागातल्या पिग्मी भरणाऱ्या कित्येक माणसांना हा फरक कुणी सांगितलेलाच नसतो. पतसंस्थेने तो चांगल्या दिवसांत सांगावा, पासबुकावर छापावा. अडचणीच्या दिवशी ‘तुमचा पैसा सुरक्षित आहे’ एवढेच म्हणून भागत नाही. रोख किती, कर्जवसुली किती, कोणत्या तारखेला किती रक्कम देता येईल आणि आजारपणासाठी आधी कुणाला, याचे वेळापत्रक लावावे लागते. पाळता येणार नाही अशी तारीख देऊ नये. चुकलेली एक तारीख पुढची दहा खरी वाक्ये खोटी ठरवते.

हे सगळे बाहेरून आणलेले शास्त्र आहे, असे कुणाला वाटू नये म्हणून १९९३ ची आठवण करून देतो. ३० सप्टेंबरला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा पट्टा भूकंपाने हादरला. जवळपास दहा हजार माणसे गेली, बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. मृतांबद्दल आणि उद्ध्वस्त गावांबद्दल बोलले गेले, ते योग्यच. त्याखेरीज शेकडो गावांत घरे उभी होती पण खिळखिळी झाली होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने त्यांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम राज्य सरकारने हाती घेतला. पैसा हप्त्याने यायचा, काम घरमालकाने करून घ्यायचे, इंजिनिअरने पाहून पुढचा हप्ता सोडायचा. कागदावर सोपे, गावात मात्र कुणाला किती, कशासाठी, कधी, याचा पत्ता लागत नव्हता. त्या वेळी प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. या बायका घरोघरी जाऊन नियम समजावून सांगत, भिंत कशी बांधली म्हणजे पुढच्या धक्क्यात टिकेल ते दाखवत आणि लोकांच्या तक्रारी इंजिनिअरपर्यंत पोचवत.

या अनुभवातून धंद्याने दोन गोष्टी घ्याव्यात. एक, निरोप दोन्ही दिशांनी जायला हवा. संवाद सहायक केवळ सरकारचे सांगणे गावात नेत नव्हत्या, गावाचे म्हणणे वरही नेत होत्या आणि त्यामुळेच त्यांच्या सांगण्यावर गावाचा विश्वास बसत गेला. दुसरी, लोक ओळखीच्या माणसाचे ऐकतात. तुमच्या धंद्यात हा ओळखीचा माणूस मालक नसतो. तो काउंटरवरचा पोरगा असतो, पिग्मी एजंट असतो, मेसमधली ताई असते, दवाखान्यातला कंपाउंडर आणि टेम्पोचा ड्रायव्हर असतो. संकटाच्या दिवशी गिऱ्हाईक पहिला प्रश्न त्यांना विचारते आणि आपल्याकडे बहुधा त्यांनाच सर्वांत शेवटी सांगितले जाते. ‘मला काही माहीत नाही, शेठला विचारा’ हे वाक्य त्यांच्या तोंडी आले, की बाहेर त्याचा अर्थ ‘आत काही तरी लपवताहेत’ असा होतो. म्हणून ग्राहकाला सांगण्याआधी दहा मिनिटे आपल्या माणसांना जमवा, तोच मजकूर वाचून दाखवा आणि ज्याचे उत्तर नाही त्या प्रश्नाला काय म्हणायचे तेही ठरवून द्या.

भाषेचाही विचार हवा. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पट्ट्यात तेलुगू बोलणारे गिऱ्हाईक असते. उदगीर, देवणी, निलंग्याकडे कन्नड कानावर येते. नांदेडच्या बाजारात उर्दू आणि पंजाबी आहे. तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. रोजच्या खरेदी-विक्रीत मराठीवर निभावते, पण घाबरलेला माणूस घरच्या भाषेत विचार करतो. महत्त्वाचा निरोप त्या भाषेत सांगणारा एक माणूस प्रत्येक दुकानाला सापडतो, फक्त तो आधी शोधून ठेवावा लागतो. ज्यांच्याकडे साधा मोबाइल आहे त्यांच्यासाठी फोन आणि फळा, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी बोललेला निरोप, हेही त्यातच आले.

पुढच्या प्रकरणांत धंद्यागणिक नमुने दिले आहेत : बियाणे-खतांची दुकाने, दवाखाने, शिकवण्या आणि वसतिगृहे, पतसंस्था, खाद्यपदार्थांचे व्यवसाय. ते पाठ करायचे नाहीत. प्रत्येकाने आपल्या धंद्यातले दोन-तीन संभाव्य दिवस डोळ्यांपुढे आणावेत आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहावा : त्या दिवशी माझ्या गिऱ्हाइकाला काय ठरवावे लागेल आणि कधीपर्यंत? त्याचे उत्तर लिहिले, की आपण कधी बोलायचे ते आपोआप ठरते. मग कुणी बोलायचे, कुठे लिहायचे, कोणत्या अधिकाऱ्याचा फोन हाताशी हवा, कोणता लॉट कुणाला विकला याची वही कशी ठेवायची, ही कामे एका दुपारची आहेत. लॉट आणि गिऱ्हाईक यांची नोंद नसेल, तर सांगायची कितीही इच्छा असली तरी सांगणार कुणाला?

आपल्याकडचा व्यापार अजूनही बराचसा शब्दावर चालतो. उधारीची वही, आडत्याने दिलेली उचल, रास झाल्यावर फेडू म्हणून नेलेली बॅग, या सगळ्यांत कागद कमी आणि माणसाची जाण जास्त असते. मोठ्या कंपनीचे गिऱ्हाईक तुटले तर दुसऱ्या जिल्ह्यात मिळते. अहमदपूरच्या किंवा मुखेडच्या दुकानदाराला तीच गावे, तीच घरे पुढच्या हंगामात पुन्हा भेटणार असतात. वेळेवर सांगण्याचा सर्वाधिक फायदा त्यालाच आहे आणि न सांगितल्याची किंमतही त्यालाच मोजावी लागते. मृगाला अजून अवकाश असताना ही पुस्तिका हाती पडली असेल, तर वाचून बाजूला ठेवू नका. पहिली बॅग विकण्याआधी लॉटची वही उघडा, दुकानातल्या माणसांना एकत्र बसवा आणि पहिल्या निरोपाचा मजकूर आताच लिहून ठेवा.